आधी खण बाहेर काढा

महॉगनीचं जुनं, नक्षीदार खणांचं कपाट विकायला असलं की दुकानदार तुम्हाला त्याच्या समोर उभं करतो आणि दिवा लावतो. समोर खरंच मोहात पाडणारं बरंच काही असतं. दर्शनी बाजू लाटेसारखी वळलेली, लालसर तपकिरी लाकडात ज्वाळा उठल्यासारखा पोत, कोपऱ्यांवर जाळीदार कोरीवकाम, पितळी कड्या. माझी विनंती आहे की पहिली दहा मिनिटं त्याकडे पाहूच नका. वरून दुसरा खण पूर्ण बाहेर काढा, खिडकीच्या उजेडात न्या, उलटा करा आणि गुडघे टेकून त्याच्यापाशी बसा. कपाट साधारण कधीचं, कोणत्या दर्जाच्या हातचं, मधल्या काळात त्याच्यावर काय काय गुदरलं, हे बहुतेक सगळं तिथे दिसतं. खणाची खालची बाजू कधी कुणी निरखून बघेल असं सुताराच्या मनातही आलेलं नसतं, म्हणून तिथे त्याने काही लपवलेलंही नसतं.

मी इथे मुख्यतः इंग्लंडमध्ये साधारण १७५० ते १७८० या काळात घडलेल्या कपाटांबद्दल लिहितो आहे, कारण या वस्तूचा सर्वांत देखणा काळ तो. मराठी माणसाला असं कपाट आज दोन ठिकाणी भेटतं. एक म्हणजे खुद्द ब्रिटनमधल्या लिलावात. तिकडे या गडद लाकडी सामानाला ‘ब्राउन फर्निचर’ म्हणतात आणि गेल्या वीसेक वर्षांत त्याचे भाव चांगलेच उतरले आहेत. फार नक्षी नसलेलं, अडीचशे वर्षांचं अस्सल कपाट तिथे नव्या चांगल्या कपाटाच्या आसपासच्या किमतीत मिळून जातं. तिकडे घर मांडणाऱ्या भाचे-पुतण्यांना मी हे आवर्जून सांगतो. दुसरं ठिकाण म्हणजे आपल्याकडचा जुना बाजार: मुंबईच्या चोर बाजारातली मटन स्ट्रीट, पुण्यातला कॅम्प, गोव्यातली जुनी घरं. तिथली गोष्ट थोडी वेगळी आहे, तिच्याकडे नंतर येतो.

आता खण. त्याची पुढची फळी बाजूच्या फळीला जिथे मिळते तो कोपरा बघा. तिथे डव्हटेल सांधा असतो. एका फळीचे पंख्यासारखे पसरट दात दुसऱ्या फळीच्या खाचांत बसलेले. हाताने कापलेल्या सांध्यात हे दात सारख्या मापाचे नसतात. रुंद दातांच्या मधली टोकं चांगल्या कारागिराने इतकी निमुळती केलेली असतात की करवतीचं पातंच जेमतेम तिथून गेलं असेल. मग नखाने चाचपून बघा. सांध्याच्या मुळाशी फळीवर आडवी ओढलेली एक बारीक रेघ लागेल. कुठपर्यंत कापायचं हे ठरवण्यासाठी सुताराने टोकदार हत्याराने ती आखलेली असते आणि पुसायची तसदी घेतलेली नसते. कुठे कुठे करवत त्या रेघेच्या केसभर पुढे गेलेली दिसते. ती रेघ आणि ती चूक दोन्ही बघून मला आजही बरं वाटतं. यंत्राच्या सांध्यात दात आणि खाचा एकाच रुंदीच्या, शिस्तीत उभ्या असतात. तसे दिसले तर कपाट एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातलं किंवा त्यानंतरचं समजा, मग दुकानदार काहीही सांगो.

खणाच्या बाजू आणि तळ महॉगनीचे नसणार. चांगल्या लंडन कामात ते ओकचे असतात, इतरत्र पाइनचेही. बाजूची फळी आश्चर्य वाटेल इतकी पातळ असते. इंग्रज सुताराचा अभिमान त्या पातळपणात होता. तळाच्या फळीचे रेषे कोणत्या दिशेने जातात ते पाहा. अठराव्या शतकाच्या पहिल्या तीन-चार दशकांत ते पुढून मागे जात, त्यानंतर डावीकडून उजवीकडे जाऊ लागले. तळ सुकून आक्रसलेला असेल, मागच्या कडेला बोटभर फट पडली असेल, किंवा मधोमध चीर गेली असेल. घाबरू नका. लाकूड रेषेच्या आडव्या दिशेने आक्रसतं, लांबीत जवळपास नाही; अडीचशे वर्षांत ते एवढं तरी करणारच. उलट सगळे तळ अगदी तंग आणि अखंड असतील तर मला शंका येते. कातून केलेली लाकडी मूठसुद्धा इतक्या वर्षांत गोल राहत नाही, किंचित लंबगोल होते. दोन बोटांत धरून फिरवलीत की कळतं.

आतलं ओक कोरडं, करडं-तपकिरी, पॉलिश न लागलेलं हवं. खणाच्या आत किंवा तळाखाली कुणी रंग फासला असेल तर कशावर तरी पांघरूण घातलेलं आहे. करवतीच्या खुणाही बघा. खड्ड्यावर ओंडका ठेवून दोन माणसांनी उभ्या करवतीने चिरलेल्या फळीवर खुणा सरळ आणि थोड्या वेड्यावाकड्या असतात. गोल चापासारख्या खुणा दिसल्या तर ती फळी चक्राकार करवतीवर कापलेली आहे, म्हणजे एकोणिसाव्या शतकातली किंवा त्यानंतरची. स्क्रूही बोलके असतात. १८४० च्या दशकापर्यंत स्क्रूचं टोक बोथट असे आणि डोक्यावरची खाच बरेचदा मध्यापासून सरकलेली. टोकदार स्क्रू त्यानंतरचे. एखादा नवा स्क्रू दुरुस्तीचा असू शकतो. सगळेच टोकदार असतील तर विचार करा.

खणाची खालची कड झिजलेली हवी, आणि कपाटाच्या आत ज्या पट्टीवरून तो सरकतो तिथेही त्याला जुळणारी झीज हवी. एकीकडे झीज आणि दुसरीकडे नाही, म्हणजे खण दुसऱ्या कपाटाचा, किंवा पट्टी बदललेली. पट्टी बदलणं हा दोष नव्हे. ती बदलण्यासाठीच असते.

पुढची फळी लाटेसारखी वळलेली असेल तर खण वरून बघा. बरेचदा पाइनचे तुकडे एकावर एक सरसाने चिकटवून तो बाक आधी घडवलेला असतो आणि त्यावर महॉगनीचं व्हेनिअर चढवलेलं. या काळातलं व्हेनिअर हाताच्या करवतीने कापलेलं म्हणून जाड असतं, दीड-दोन मिलिमीटर सहज. कागदासारखं पातळ व्हेनिअर यंत्रयुगातलं. व्हेनिअर म्हणजे स्वस्तातलं काम, हा आपल्याकडचा समज इथे सोडून द्यायला हवा. तो ज्वाळांसारखा पोत झाडाचं खोड जिथे दुभागतं त्याच जागी मिळतो. तेवढ्या भागाची अखंड फळी वापरली तर ती वाकते, फाटते. पातळ काप काढून ते शेजारी शेजारी आरशातल्या प्रतिबिंबासारखे लावणं हेच तिथलं अवघड काम. खणाच्या कडेने सुतळीएवढी एक गोलसर पट्टी बाहेर आलेली असते. १७३० च्या सुमारास ती रूढ झाली. शोभेची वाटते, पण खण उघडता-मिटता व्हेनिअरची कड तुटू नये म्हणून ती आहे. काही कपाटांत वरच्या फळीखाली एक सपाट फळी बाहेर ओढता येते. तिच्यावर कपडे पसरून नोकर ते ब्रशने झाडत. ती सापडली तर कपाटाची किंमत वाढते. म्हणून ती मागाहून बसवलेली नाही ना, हेही बघा.

महॉगनी इंग्लंडमध्ये उगवत नाही. १७२१ मध्ये ब्रिटिश संसदेने अमेरिकेतल्या वसाहतींतून येणाऱ्या लाकडावरची आयातजकात उठवली आणि वेस्ट इंडीजमधून, आधी मुख्यतः जमैकातून, महॉगनी येऊ लागली. रुंद फळ्या, कीड सहज न लागणारा गाभा, कोरलं तरी धारदार राहणारी कड. अक्रोडाच्या लाकडावर वाढलेल्या सुतारांना हे नवलच होतं. जमैकातली चांगली झाडं त्याच शतकात संपत आली. मग क्यूबा, आणि होंडुरासच्या किनाऱ्यावरचं, म्हणजे आजच्या बेलीझचं जंगल. तिथे ही तोड गुलाम आफ्रिकी माणसांकडून करून घेतली जाई. त्यांच्यातला एक वाटाड्या ऑगस्टच्या सुमारास जंगलातल्या उंचात उंच झाडावर चढे. महॉगनीच्या पानांचा रंग तेव्हा वेगळा दिसतो. त्या रंगावरून झाड हेरून तो टोळीला तिथे नेई. बेलीझच्या राजचिन्हावर आजही महॉगनीचं झाड आणि लाकूडतोडे आहेत. कपाट विकत घेताना ही माहिती उपयोगाची नाही असं कुणी म्हणेल. मला मात्र तो झाडावर चढलेला माणूस माहीत असल्याशिवाय हे लाकूड पुरतं ओळखलं असं वाटत नाही.

आता एका नावाबद्दल. ‘चिपेंडेल आहे साहेब’ हे वाक्य तुम्हाला ऐकू येईलच. थॉमस चिपेंडेल यॉर्कशरमधल्या ऑटली गावचा, जन्म १७१८ चा. लंडनला सेंट मार्टिन्स लेनमध्ये त्याचा कारखाना होता. १७५४ मध्ये त्याने फर्निचरच्या नमुन्यांचं मोठं चित्रपुस्तक काढलं, १७६२ मध्ये त्याची वाढवलेली तिसरी आवृत्ती आली, आणि गावोगावच्या सुतारांनी त्यातले नमुने उचलले. त्याच्या कारखान्यातल्या सामानावर सहसा सही-शिक्का नसतो. स्कॉटलंडमधल्या डम्फ्रीज हाउससारख्या वाड्यांतलं सामान त्याचं म्हणून ओळखता येतं, कारण तिथे त्याची बिलं जपलेली आहेत. तेव्हा कागदपत्र नसेल तर ‘चिपेंडेल’ हे एका शैलीचं नाव समजा आणि त्या नावासाठी एक पैसाही जास्त देऊ नका. लंडनमध्ये असाल तर व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली ब्रिटिश दालनं बघून या. उत्तम काम एकदा नीट पाहिलं की पुढे डोळा फसत नाही.

कड्या आणि पाय या दोन गोष्टी सर्वांत जास्त बदलल्या जातात. खणाच्या आतून बघा. आताच्या कडीचे दोन बोल्ट दिसतील. त्यांच्या आजूबाजूला बुजवलेली आणखी भोकं असतील तर कड्या बदललेल्या आहेत. व्हिक्टोरिया राणीच्या काळात पुष्कळ जुन्या कपाटांना पितळी कड्या काढून मोठ्या लाकडी मुठी लावल्या गेल्या, पुढे विसाव्या शतकात मुठी काढून पुन्हा पितळी कड्या आल्या. मी एका लिलावात असा खण पाहिला आहे की त्याच्या आतल्या बाजूला तीन पिढ्यांची भोकं होती आणि बाहेरून एकही दिसत नव्हतं. कपाट सच्चं असेल तर यात वाईट काही नाही. मात्र किमतीत ते दिसलं पाहिजे, आणि विकणाऱ्याने ते तुम्ही विचारायच्या आधी सांगायला हवं. दोन मजली उंच कपाट मधोमध तोडून त्याची दोन कपाटं करण्याचा धंदाही जुना आहे. वरच्या भागाला नवे पाय लागतात, खालच्या भागाला नवं छत. म्हणून छताची फळी आणि बाजूच्या फळ्या यांचा रंग, पोत, मागची झीज एकमेकांशी जुळते का, हे कपाट भिंतीपासून ओढून मागून बघा.

आपल्या बाजारात मात्र पहिला प्रश्न वेगळा असतो: हे लाकूड महॉगनी आहे का? इथे साहेबांच्या धाटणीचं सामान मोठ्या प्रमाणात साग आणि शिसवीत घडलं. बराच माल नुसता महॉगनीच्या रंगाचं पॉलिश लावलेला असतो. खणाच्या आत, पॉलिश न लागलेल्या जागी बघा. सागाला तेलकट स्पर्श आणि ओळखीचा वास असतो. शिसवी जड, जांभळट काळसर, काळ्या रेघांची. महॉगनी लालसर तपकिरी, तिच्यावर सुईने ओढल्यासारख्या बारीक गडद रेषा सगळीकडे सारख्या विखुरलेल्या. शिसवी निघाली तर हिरमुसू नका. मुंबईच्या कारागिरांनी एकोणिसाव्या शतकात शिसवीत जे कोरीवकाम केलं, त्याची तोड इंग्लंडमध्ये नव्हती. फक्त महॉगनीचा भाव महॉगनीलाच द्या.

अस्सल महॉगनीचं जे कपाट आपल्याकडे सापडण्याची चांगली शक्यता आहे ते म्हणजे लष्करी अधिकाऱ्यांचं. वर-खाली दोन भागांत सुटणारं, कोपऱ्यांना पितळी पट्ट्या, कड्या लाकडात बुडवलेल्या, पाय फिरकीने निघणारे. बैलगाडीत, बोटीत, तंबूत न्यायचं म्हणून बाहेर आलेलं काहीच ठेवलेलं नसतं. नक्षी जवळपास शून्य, पण सांधे बघण्यासारखे. छावणीच्या गावांत, जुन्या बंगल्यांच्या सामानात अशी कपाटं अजून निघतात.

आता घरात आणल्यावर काय करायचं. खरं म्हणजे काय करायचं नाही, ते आधी.

माझ्या मावशीच्या गिरगावातल्या घरात एक लाटेसारख्या दर्शनी बाजूचं महॉगनीचं कपाट होतं. घरात लग्न निघालं, आणि रंगरंगोटीबरोबर कपाटही ‘नवं’ करून घ्यायचं ठरलं. पॉलिशवाल्याने आधी मशीनने घासलं, मग काचपेपरने, मग मेलामाइनचे तीन हात दिले. मी पोचलो तेव्हा कपाट काचेसारखं चकाकत होतं. कोपऱ्यावरच्या कोरीव पानांच्या कडा वापरलेल्या साबणासारख्या गुळगुळीत झाल्या होत्या. आणि लाटेच्या उंचवट्यावर, जिथे हात जास्त फिरला, तिथे व्हेनिअर संपून आतलं पिवळट पाइन उघडं पडलं होतं, त्यावर लाल रंग चोपडलेला. “नवं दिसतंय ना पण?” मावशीने विचारलं. मला उत्तर देता आलं नाही. दोनशे वर्षांचा पृष्ठभाग दीड दिवसात गेला होता आणि तो कुणालाही परत आणता येणार नव्हता.

म्हणून घासू नका, घासू देऊ नका. जुन्या कपाटावरचं पॉलिश बहुधा लाखेचं असतं. हा फ्रेंच पॉलिशचा प्रकार ब्रिटनमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला रुजला आणि त्यासाठीची लाख आपल्याकडच्या पळस, कुसुम, बोरीच्या झाडांवरून जात असे. न दिसणाऱ्या जागी कापसाच्या बोळ्याने स्पिरिटचा एक थेंब लावून पाहा. पृष्ठभाग चिकट झाला तर लाख आहे. अशा पॉलिशवर जाणता मिस्त्री जुना थर न काढता, स्पिरिटमधल्या पातळ लाखेचा बोळा फिरवून चमक परत आणू शकतो. मिस्त्री निवडताना एवढंच विचारा: “न घासता कराल का?” उत्तर यायला वेळ लागला तर दुसरा शोधा.

एरवी वर्षातून एक-दोनदा मधमाशीचं मेण टर्पेंटाइनमध्ये विरघळवून, मऊ सुती कापडाने अगदी पातळ लावायचं, थोडं वाळू द्यायचं आणि कोरड्या कापडाने पुसत राहायचं. फवाऱ्याची सिलिकॉनची पॉलिशं नकोत. खोबरेल नको, अळशीचं तेलही नको; ते काळवंडतं आणि धूळ धरतं. पितळी कड्या जागेवर ठेवून पावडरने घासू नका, पांढरा साका कोरीवकामात अडकून बसतो. पितळ थोडं मावळलेलंच छान दिसतं. गरम कपाचा पांढरा गोल डाग म्हणजे लाखेत शिरलेलं बाष्प. काही दिवस थांबलात तर तो बरेचदा फिका होतो. काळा डाग म्हणजे पाणी लाकडापर्यंत पोचलं. तो राहू द्या.

मुंबई-कोकणात खरा प्रश्न पावसाळ्याचा. आषाढात खण अडकला की घरातला कुणीतरी रंधा शोधायला लागतो. रंधा मारू नका. हवेतल्या दमटपणाने लाकूड फुगलेलं आहे, दिवाळीपर्यंत ते आपोआप सैल होईल. तेव्हा रंधलेला खण मात्र कायमचा खुळखुळेल. सरकपट्टीवर पांढरी मेणबत्ती घासा आणि दोन्ही कड्या एकदम धरून सरळ ओढा. ब्रिटनमधल्या वाचकांची अडचण उलटी. तिथे घर तापवणाऱ्या रेडिएटरच्या कोरड्या उष्णतेने फळ्या तडकतात आणि व्हेनिअर सुटतं. कपाट रेडिएटरपासून दूर ठेवा, आणि कोवळं का असेना, रोजचं ऊन त्यावर पडू देऊ नका; उन्हाने महॉगनी फिकी पडते.

आपल्या घरात कपाटाच्या पायांचा सगळ्यात मोठा शत्रू लादी पुसायचा फडका असतो. रोज ओलावा लागून पायांचा सांधा सुटतो. पायांखाली पातळ चकत्या द्या आणि भिंतीपासून चार बोटं अंतर ठेवा, म्हणजे ओलही लागत नाही आणि वाळवीचे मातीचे माग मागून दिसतात. महॉगनीचा गाभा किडीला सहसा दाद देत नाही, पण आतलं पाइन आणि ओकची बाहेरची कड यांना किडा लागतो. जुनी भोकं असणारच. खाली बारीक पिठासारखा ताजा भुसा पडत असेल तरच कीडनाशकवाल्याला बोलवा, आणि औषध आतल्या, पॉलिश नसलेल्या लाकडालाच लावायला सांगा. सुटलेला सांधा सरसानेच चिकटवून घ्या. उष्णता आणि ओलाव्याने सरस पुन्हा सुटतो, त्यामुळे पुढच्या दुरुस्तीला वाट राहते. पांढऱ्या सिंथेटिक गोंदाने चिकटवलेला सांधा पुढे फोडूनच काढावा लागतो. कपाट हलवताना सगळे खण आधी बाहेर, आणि उचलायचं ते खालच्या चौकटीला धरून, वरच्या फळीला नव्हे.

आजोबांचं कपाट परदेशी न्यायचा विचार असेल तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. १९७२ च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी कारागिरीची वस्तू पुरावशेषात मोडू शकते आणि पुरावशेष खाजगीरीत्या देशाबाहेर नेता येत नाहीत. सामान बांधायच्या आधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या कार्यालयात चौकशी करा.

खणात आधीच्या कुणी अंथरलेला कागद असेल तर फेकू नका. एखादं जुनं वर्तमानपत्र, दुकानाची पावती, यावरून कपाट कुठे कुठे राहिलं ते कळतं. पाकिटात घालून त्याच खणात ठेवा. आणि दुरुस्ती झाली की मिस्त्रींना सांगा की खणाच्या तळाला खालून, साध्या पेन्सिलीने, तारीख आणि काय बदललं ते लिहा. ‘डावी सरकपट्टी नवी, ओक’ एवढं पुरे. जुन्या सुताराने खडूने किंवा पेन्सिलीने घातलेला खणाचा आकडा तिथे असेल, तर त्याच्या शेजारी लिहायचं, त्याच्यावर नाही.